थंडरबर्ड ईएसआर आणि त्यातले प्लगइन: सानपाड्याच्या सात मशीनच्या ऑफिसातून रिव्ह्यू

आमचं ऑफिस सानपाड्याला, कस्टम क्लिअरन्सचं काम, माणसं नऊ, मशीन सात आणि सातही मशीनवर मेलसाठी थंडरबर्ड. मी डॉक्युमेंटेशन बघते, म्हणजे सकाळी बसल्यापासून संध्याकाळी उठेपर्यंत तो निळा पक्षीच समोर. थंडरबर्ड चांगलं की वाईट हे सांगणारे भरपूर आहेत, म्हणून मी मुद्दाम त्यातल्या प्लगइनवर, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामवर, लिहितेय, कारण अपडेट आल्यावर प्लगइन चालतील का, आणि नाही चालले तर भरल्या ऑफिसात काय होतं, हे आधी कोणी नीट सांगितलं असतं तर आमचे बरेच हाल वाचले असते. थंडरबर्ड त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतं, आमच्याकडे सगळे प्लगइनच म्हणतात, मी पण तेच म्हणणार.

स्टार विचाराल तर सॉफ्टवेअरला पाचपैकी साडेचार. प्लगइनसकट वापरणार असाल तर चार, आणि तेही ईएसआर, म्हणजे थंडरबर्डचं साधारण वर्षातून एकदाच बदलणारं व्हर्जन, घेतलं तरच.

आधी काम काय ते सांगते म्हणजे प्लगइन का लागतात ते कळेल. न्हावा शेवाला जहाज लागायच्या आधीच मेल सुरू होतात, पार्टीकडून इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, फॉरवर्डरकडून बीएलची (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) कॉपी, शिपिंग लाइनकडून अरायव्हल नोटिस, मग आम्ही चेकलिस्ट पाठवायची, पार्टीने ओके करायची, बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचा आयातीचा कागद) फाइल, लाइनला डीओची (डिलिव्हरी ऑर्डर, माल सोडायची चिठ्ठी) रिक्वेस्ट, सीएफएसला (कंटेनर फ्रेट स्टेशन, जिथून माल उचलायचा) गाडीचा नंबर, आणि हे सगळं एका जॉबचं, असे जॉब दिवसाला किती चालू असतात विचारू नका. प्रत्येक जॉबचं वेगळं फोल्डर. मेलचा मजकूर ऐंशी टक्के तोच असतो, फक्त बीएल नंबर, कंटेनर नंबर, जहाजाचं नाव बदलतं, त्यामुळे टेम्प्लेटवाला प्लगइन पाहिजेच. फोल्डर पटापट सापडायला एक प्लगइन. आणि जॉब संपला की त्यातले सगळे मेल बाहेर काढून सर्व्हरच्या डिस्कवर ठेवायला एक, कारण कस्टम ब्रोकरच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे रेकॉर्ड कमीत कमी ५ वर्षं सांभाळायचं असतं आणि उद्या ऑडिटला कोणी विचारलं तर मेल दाखवता आला पाहिजे.

आता २०२३ च्या पावसाळ्यात काय झालं ते. तेव्हा आम्ही थंडरबर्ड १०२ वर होतो, सगळं मस्त चालू. जुलैमध्ये ११५ आलं, सुपरनोव्हा म्हणून, दिसायला एकदम नवीन, वरचा टूलबार बदललेला, मेलची यादी कार्डसारखी दाखवायची सोय वगैरे. तेव्हा आमच्या एएमसीला (कंप्युटर सांभाळायचं वर्षाचं कंत्राट) दुसरी माणसं होती, नाव घेत नाही. त्यांचा मुलगा महिन्याच्या व्हिजिटला आला आणि कोणालाही न विचारता साइटवरून ११५ उतरवून एकेका मशीनवर बसवत गेला. खरं तर थंडरबर्डवाल्यांनी सुरुवातीला १०२ वाल्यांना ११५ आपोआप दिलंच नव्हतं, ज्याला पाहिजे त्याने हाताने घ्यायचं असं ठेवलं होतं, आणि तसं ठेवण्यामागे कारण होतं, ते त्या मुलाला माहीत नव्हतं आणि त्याला पाठवणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेल लिहायला घेतला तर टेम्प्लेटचं बटणच नाही. अ‍ॅड-ऑनच्या पानावर गेले तर तो प्लगइन करडा पडलेला आणि खाली लिहिलेलं की हा ११५ बरोबर चालत नाही. बाजूच्या मशीनवर तेच. समोरच्या मशीनवर तेच. त्या दिवशी एका कंटेनरचे फ्री डेज (बिनभाड्याचे दिवस) संपत होते, डीओची रिक्वेस्ट आमच्या नव्या मुलीने हाताने टाइप केली आणि कंटेनर नंबरातले दोन आकडे उलटसुलट पडले, लाइनकडून मेल परत आला की असा कंटेनर आमच्याकडे नाही, तोवर दुपार गेली होती. साडेतीनला सीएफएसवरून आमच्या फील्डच्या मुलाचा फोन, "ताई, डीओ आली नाय अजून, गाडी दुपारपासून उभी हाय, ड्रायव्हर शिव्या देतोय." डीओ दुसऱ्या दिवशी आली. एका दिवसाचं डिटेंशन, म्हणजे कंटेनर जास्त ठेवल्याचे पैसे, ऑफिसने भरलं, पार्टीला लावलं नाही, कारण त्यात पार्टीची काही चूकच नव्हती. ती मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही, आणि तिची तरी काय चूक, तिच्या हातातली वस्तू रातोरात कोणीतरी काढून घेतली होती.

मग एएमसीवाल्यांना बोलावलं, म्हटलं जुनं व्हर्जन परत टाका. त्यांनी टाकलं. उघडलं तर पडद्यावर पाटी की तुमचं प्रोफाइल (मेल, सेटिंग, प्लगइनचं सामान ठेवलेला फोल्डर) नव्या व्हर्जनने वापरलेलं आहे, एक तर नवीन प्रोफाइल बनवा नाही तर बंद करा. हे खूप जणांना माहीत नसतं म्हणून स्पष्ट लिहितेय: थंडरबर्ड वर चढतं, खाली उतरत नाही. एकदा नव्या व्हर्जनने तुमचं प्रोफाइल उघडलं की जुनं व्हर्जन ते घेत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण नवीन व्हर्जनने आतल्या फाइलींची मांडणी बदललेली असू शकते. जबरदस्तीने उघडायची एक कमांड आहे पण कामाच्या मेलवर तो प्रयोग करू नका, हात जोडून सांगते. आधीच्या प्रोफाइलची कॉपी ठेवली असेल तरच परत जाता येतं, आणि ती कोणी काढली नव्हती.

वाचवलं ते अकाउंटवाल्या काकांच्या मशीनने. काका त्या आठवड्यात गावी गेले होते, त्यांचं मशीन बंद आणि कुलूप असलेल्या केबिनमध्ये, त्यामुळे तिथे १०२ तसंच होतं आणि त्यात टेम्प्लेटचा प्लगइन जिवंत. सहा माणसं आळीपाळीने काकांच्या खुर्चीत बसून मेल पाठवत होतो, असे जवळजवळ तीन आठवडे, मग त्या प्लगइनचं ११५ वर चालणारं व्हर्जन आलं आणि आमची सुटका झाली. काका आले तेव्हा त्यांना आम्ही चार दिवस खुर्चीच दिली नाही, ते पण काही बोलले नाहीत बिचारे, फाइली घेऊन पॅन्ट्रीत बसायचे.

हे असं का होतं, ते मी नंतर नीट बसून समजून घेतलं आणि समजल्यावर माझा सॉफ्टवेअरवरचा राग गेला. थंडरबर्ड आणि फायरफॉक्स आतून एकाच कोडवर उभे आहेत. थंडरबर्डचं १.० व्हर्जन २००४ च्या डिसेंबरात आलं, तेव्हापासून पुढची बरीच वर्षं प्लगइन थेट प्रोग्रामच्या पोटात हात घालायचे, खिडकीचा कुठला भाग कुठे आहे ते बघून तिथेच आपलं बटण चिकटवायचे. भाड्याच्या घरात मालकाला न विचारता भिंतीला खिळे ठोकल्यासारखं ते, मालकाने उद्या भिंत सरकवली की तुमचे फोटो खाली. फायरफॉक्सने हा प्रकार २०१७ च्या नोव्हेंबरात ५७ व्या व्हर्जनला बंद केला, थंडरबर्डने थांबून थांबून २०२० च्या जुलैला ७८ मध्ये. तेव्हापासून प्लगइनने ठरवून दिलेल्या दारातूनच यायचं, त्याला मेलएक्स्टेंशन म्हणतात. दार तेच राहतं, आतल्या खोल्या कितीही बदला, म्हणून असे प्लगइन अपडेटमध्ये शक्यतो टिकतात.

पण सगळीच कामं या दारातून होत नाहीत. फोल्डरच्या यादीत काही करायचं, टूलबारच्या वर पट्टी लावायची, असलं काही असेल तर प्लगइन बनवणाऱ्यांसाठी एक मागचं दार ठेवलंय, त्याला एक्सपेरिमेंट म्हणतात, आणि त्यातून येणारा प्लगइन अजूनही थेट पोटात हात घालतो. ११५ ला मुख्य खिडकी जवळजवळ नव्याने बांधली तेव्हा मागच्या दाराने येणारे हेच प्लगइन पडले. आमचा टेम्प्लेटवाला त्यातलाच.

तुमचा प्लगइन कुठल्या दाराने येतो हे ओळखायची एक सोपी खूण आहे आणि ती मला कळली तेव्हापासून मी नवीन प्लगइन घेताना पहिलं तेच बघते. इन्स्टॉल करताना परवानग्यांची पाटी येते ना, जी आपण न वाचता ओके करतो, ती वाचा. त्यात थंडरबर्ड आणि तुमच्या कंप्युटरवर पूर्ण, अनिर्बंध अधिकार मागतोय असं काही असेल तर तो मागच्या दारावाला. म्हणजे तो वाईट असं अजिबात नाही, आमचे लाडके प्लगइन त्यातलेच आहेत, पण मोठ्या अपडेटला तो पडण्याची शक्यता जास्त आणि विश्वासाचाही प्रश्न मोठा, त्यामुळे असे प्लगइन मोजकेच ठेवा. नुसतं तुमचे मेल वाचायची किंवा अ‍ॅड्रेस बुक बघायची परवानगी मागत असेल तर तो बराचसा सुरक्षित टिकतो.

दुसरी गोष्ट व्हर्जनच्या आकड्याची. प्रत्येक प्लगइनच्या आत मॅनिफेस्ट नावाची फाइल असते, त्यात बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं की हा किती व्हर्जनपासून किती व्हर्जनपर्यंत चालेल. वरची मर्यादा १२८ लिहिली असेल आणि तुमचं थंडरबर्ड १४० झालं की प्लगइन बंद, मग तो प्रत्यक्षात चालला असता की नसता हा प्रश्नच येत नाही. मागच्या दारावाल्यांना ही मर्यादा घालावीच लागते. काही हुशार लोक एक्सपीआय फाइल (प्लगइनची इन्स्टॉल फाइल) उघडून तो आकडा बदलतात आणि परत टाकतात. घरच्या मशीनवर करा, माझी ना नाही, पण ऑफिसात मी करू दिलं नाही, कारण बंद पडलेला प्लगइन निदान दिसतो, आणि अर्धवट चालणारा प्लगइन टेम्प्लेटमध्ये मागच्या जॉबचा कंटेनर नंबर ठेवून देईल आणि ते कोणाला कळणारही नाही.

आणि करडा पडलेला प्लगइन घाबरून रिमूव्ह करू नका!! हे मी मोठ्याने सांगतेय कारण आमच्या दोन मशीनवर ते झालं. बंद पडला म्हणजे त्यातलं सामान गेलं असं नसतं, टेम्प्लेट प्रोफाइलमध्ये पडून असतात, चालणारं व्हर्जन आलं की परत जागच्या जागी दिसतात. रिमूव्ह दाबलं की प्लगइनबरोबर त्याने साठवलेलं पण जाऊ शकतं. ज्या चार मशीनवर हात लावला नाही तिथे सगळं परत आलं, त्या दोन मशीनवर टेम्प्लेट पुन्हा टाकावे लागले.

आता ईएसआरचं. एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज. थंडरबर्ड आता दोन वाटांनी मिळतं, एक दर महिन्याला नवीन व्हर्जन आणि दुसरी ईएसआर, जी साधारण वर्षातून एकदा बदलते, १०२ मग ११५ मग १२८ मग १४०, आणि मधल्या काळात फक्त दुरुस्त्या आणि सुरक्षेचे अपडेट, म्हणजे १४०.१, १४०.२ असे. या मधल्या अपडेटना प्लगइन पडत नाहीत, कारण बनवणारे वरची मर्यादा पूर्ण १४० च्या घराण्याला लावतात. आम्हाला वर्षातून एकच दिवस सांभाळायचा, तो पण जुलैच्या आसपास.

गोची अशी की २०२५ च्या मार्चपासून, १३६ पासून, साइटवरचं मोठं डाउनलोड बटण महिन्यावाल्या वाटेचं झालंय. ईएसआर हवं असेल तर डाउनलोडच्या पानावर जाऊन यादीतून निवडावं लागतं. आमच्याकडे नवीन मुलगा लागला, त्याला नवीन लॅपटॉप, त्याने साहजिकच मोठं बटण दाबलं, आणि मग दोन प्लगइन बसेचनात, तुमच्या व्हर्जनला चालत नाही म्हणे. तेव्हा लक्षात आलं. बरं तिथून ईएसआरवर यायचं तर परत तीच खाली न उतरण्याची पाटी, फक्त त्याचं मशीन नवीन होतं आणि मेल आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरच, होते म्हणून प्रोफाइल नव्याने करून भागलं. म्हणून नवीन माणूस, नवीन मशीन, तर ईएसआरची फाइल आमच्या सर्व्हरवर ठेवलीये तीच घ्यायची, असा नियम केलाय.

महिन्यावाली वाट वाईट आहे असं मी म्हणत नाही. नवीन सोयी तिथे आधी येतात, घरी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर तीच आहे कारण तिथे प्लगइन एकच. पण ज्या ऑफिसचं काम तीन-चार प्लगइनवर चालतं तिथे ईएसआरच.

आमची सध्याची पद्धत सांगते, तुरभे-महापे-वाशीकडच्या आमच्यासारख्या छोट्या ऑफिसांना उपयोगी पडेल. काकांचं मशीन आता अधिकृत चाचणीचं मशीन. नवीन ईएसआर आली की बाकी सहा मशीनवर सेटिंग्जमध्ये जनरलच्या खाली अपडेट्स आहे तिथे आपोआप बसवू नका, आधी विचारा, असं केलेलं आहे, शिवाय नवीन एएमसीच्या दादांनी इन्स्टॉलच्या फोल्डरमध्ये पॉलिसीची एक छोटी फाइल टाकून तो पर्याय लावून ठेवलाय म्हणजे कोणी चुकून बदलू नये. मधले छोटे अपडेट मात्र लगेच घेतो, ते टाळायचे नाहीत, आम्हाला दिवसभर अनोळखी माणसांच्या अटॅचमेंट येतात, सुरक्षेचा अपडेट न घेणं म्हणजे दार उघडं ठेवून झोपणं.

मोठी उडी मारायच्या आधी प्रोफाइलची कॉपी. हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन आहे तिथून प्रोफाइल फोल्डर उघडतं, थंडरबर्ड पूर्ण बंद करायचं आणि तो आख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर टाकायचा. चालू थंडरबर्डची कॉपी घेऊ नका, अर्धवट येते. आणि एक बारीक गोष्ट जी आम्ही ठेच लागून शिकलो, की कोणाचं प्रोफाइल चाचणीसाठी दुसऱ्या मशीनवर नेताय आणि त्याचं खातं पॉपचं (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेणारं) असेल तर आधी नेट काढा. नाही तर ते चाचणीचं मशीनच सर्व्हरवरून नवे मेल ओढून घेतं आणि ज्याचे मेल तो बसतो वाट बघत. आमच्या एका जुन्या खात्याचा अर्धा दिवसाचा मेल असाच काकांच्या मशीनवर जाऊन बसला होता.

मग प्लगइनच्या यादीत एकेकाचं पान उघडून बघायचं. थंडरबर्डच्या अ‍ॅड-ऑनच्या साइटवर प्रत्येक प्लगइनची सगळी व्हर्जनं दिसतात आणि प्रत्येकासमोर तो थंडरबर्डच्या किती ते किती व्हर्जनवर चालतो ते लिहिलेलं असतं, तारखेसकट. ती तारीख मला आकड्याहून महत्त्वाची वाटते. दर वर्षी नवीन ईएसआरच्या आसपास ज्याचं व्हर्जन येतंय तो माणूस जागा आहे. दोन वर्षं काहीच नाही तर तो प्लगइन आज चालतोय म्हणून आनंद मानू नका, पर्याय शोधायला लागा. यातले बरेच लोक नोकरी सांभाळून रात्री हे करतात, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, पण ऑफिस त्यांच्यावर अवलंबून ठेवायचं की नाही हे आपण ठरवायचं असतं.

अजून एक, प्लगइनचा अपडेट नवी परवानगी मागत असेल तर तो गुपचूप बसत नाही, कोणीतरी हो म्हणेपर्यंत थांबतो, मेन्यूच्या बटणावर छोटी खूण येते. आमच्याकडे ती खूण कोणी बघतच नव्हतं, त्यामुळे तीन मशीनवर प्लगइन जुनाच राहिला होता आणि आम्ही म्हणत होतो की बनवणाऱ्याने अपडेट दिला नाही. दिला होता.

आता एकेक प्लगइन. इम्पोर्ट-एक्सपोर्ट टूल्स एनजी, पाचपैकी पाच. आख्खं फोल्डर पीडीएफ किंवा ईएमएल करून बाहेर काढतो, फाइलच्या नावात तारीख-विषय टाकतो, आणि हा मूळ प्लगइन थांबल्यावर दुसऱ्यांनी हातात घेऊन पुढे चालवलेला आहे हे मला फार आवडतं. क्विकटेक्स्ट, आताचं आमचं टेम्प्लेटचं काम यावर, साडेचार, टेम्प्लेट फाइलमध्ये बाहेर काढून ठेवता येतात, आम्ही महिन्याला काढतो. क्विकफोल्डर्स, वर जॉबच्या फोल्डरच्या चिठ्ठ्या लावतो, चार, त्याचं पैसे भरून लायसन मिळतं आणि साहेबांनी ते एका शब्दात मंजूर केलं, कारण त्या दिवसाचं डिटेंशन त्यांना आठवत होतं. पैसे घेणारा माणूस अपडेट देण्याची शक्यता जास्त, हे माझं मत.

आणि काही प्लगइन सोडून द्यायला शिका. लाइटनिंग कॅलेंडर वेगळं टाकावं लागायचं, ते ७८ पासून आतच आहे. मेल एन्क्रिप्ट करायला, म्हणजे कुलूपबंद करायला, एनिगमेल वापरणारे होते, त्याच ७८ मध्ये ती ओपनपीजीपीची सोय आत आली आणि एनिगमेल तिथेच थांबलं. अ‍ॅड्रेस बुक सर्व्हरवरून घ्यायला ९१ पासून प्लगइन लागत नाही. फोल्डर हाताने वर-खाली लावायला आमच्याकडे एक प्लगइन होता, १४० मध्ये ती सोय आतच मिळाली आणि आम्ही त्याला निरोप दिला, जॉब नंबरप्रमाणे फोल्डर ओढून लावले, झालं. प्रत्येक मोठ्या अपडेटला नवीन काय आलं ते वाचा, एखादा प्लगइन कमी होतोच, आणि जो प्लगइन नाही तो कधी पडत नाही.

आउटलुकबद्दल थोडंसं, कारण विचारणारे असतात. आमची महापे एमआयडीसीतली एक पार्टी आउटलुकवर आहे, त्यांच्या आयटीच्या दादांशी बोलले. तिथेही हेच दुखणं, फक्त नावं वेगळी. जुन्या क्लासिक आउटलुकमधले कॉम अ‍ॅड-इन नवीन आउटलुकमध्ये चालतच नाहीत, तिथे वेबवाले अ‍ॅड-इनच लागतात. शिवाय ऑफिस ३२ बिटवरून ६४ बिटवर नेलं की ३२ बिटवाला अ‍ॅड-इन गायब. आणि क्लासिकमध्ये पण अ‍ॅड-इन उघडायला एका सेकंदाहून जास्त वेळ घेत असेल तर आउटलुक स्वतःच त्याला बंद करतं, पाच वेळा उघडल्यावरचा मधला आकडा धरून. त्यामुळे अपडेटनंतर अ‍ॅड-इन गायब दिसला तर तो तुटलाच असं समजू नका, ऑप्शन्समध्ये अ‍ॅड-इन्सच्या पानावर बंद केलेल्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा.

एक प्रश्न मला खूप जण विचारतात की प्लगइन नवीन व्हर्जनवर आला नाही तर जुन्या व्हर्जनवर किती दिवस थांबायचं. नवीन ईएसआर आली तरी जुनीला काही आठवडे सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात, तेवढे दिवस. ते थांबले की प्लगइन कितीही आवडता असो, सोडायचा. १२८ वरून १४० वर जाताना आमच्या बाबतीत हेच झालं, डीओच्या मेलला ठरलेल्या दिवशी आठवण करून देणारा एक छोटा प्लगइन होता, फार सोयीचा, बनवणाऱ्याने पुढे आणलाच नाही. दोन महिने वाट बघितली, काकांच्या मशीनवर दर सोमवारी बघायचो आलाय का. नाही आला. मग कॅलेंडरमध्येच प्रत्येक कंटेनरच्या शेवटच्या फ्री डेच्या आदल्या दिवशी टास्क टाकायला सुरुवात केली, थोडं जास्त काम आहे, दोन क्लिकच्या जागी सात-आठ होतात, पण आत्तापर्यंत एकही कंटेनर सुटलेला नाही आणि ती नवी मुलगी, जी आता नवी राहिली नाही, तीच ते सगळं बघते. सर्व्हरवर १४० ईएसआरची फाइल, सातही प्रोफाइलची कॉपी आणि प्लगइनच्या एक्सपीआय फाइली एकाच फोल्डरमध्ये आहेत, फोल्डरचं नाव तिनेच "काकांची खुर्ची" ठेवलंय.